रेवतीचा श्वास

“श्वास घे,” टिपणीससाहेब काचेपलीकडून म्हणाले. “पण घाबरल्यासारखा नको. त्याने हात पुढे केलाय आणि अजून लावलेला नाही. तेवढ्या वेळातला श्वास पाहिजे मला.”

मी श्वास घेतला.

“हा जिना चढल्याचा झाला. पुन्हा.”

मी पुन्हा घेतला. माईकच्या पलीकडे डॉक्टर बाविस्कर उभे होते. हातातला कागद त्यांनी अंगापासून दूर धरला होता, कारण कागद शर्टाला घासला तरी त्या माईकला कळायचं. आमच्या दोघांमध्ये तो माईक आणि त्यावर चढवलेली स्पंजची काळी टोपी, एवढंच काय ते होतं. त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण बाकीच्या बटणांपेक्षा वेगळ्या रंगाचं होतं. मी त्या बटणाकडे बघत श्वास घेत होते आणि काचेपलीकडे साहेबांची मान हलत होती.

“डॉक्टर, तुमचं वाक्य द्या बरं तिला. त्याशिवाय कसा येणार?”

डॉक्टरांनी कागद खाली केला. वाक्य त्यांना पाठ होतं. “रेवती,” ते म्हणाले, “तू नको म्हणालीस तर मी हात मागे घेईन. पण नको असं म्हण तरी.”

माझ्या इतक्या जवळ येऊन इतक्या हळू आजवर कोणी बोललं नव्हतं. श्वास आपोआप आत गेला, मध्येच अडकला आणि तुटत तुटत बाहेर आला.

“हा घेतला,” साहेब म्हणाले आणि लाल दिवा विझला.

दिवा विझला म्हणजे माईक बंद. पण मला तो श्वास लगेच थांबवता आला नाही, आणि डॉक्टरही हलले नाहीत. शेवटी बाजूच्या स्टुलावरून गोदाक्का म्हणाल्या, “झालं ना? मंग काय फोटो काढून राह्यलं का कोणी तुमचा?” तेव्हा आम्ही दोघंही मागे सरलो.

ही गोष्ट आमच्या गावात टीव्ही पोचायच्या आधीची. खानदेशातलं आमचं गाव, गावाबाहेर कपाशीच्या शेतांना लागून एक छोटं रेडिओ केंद्र, आणि दर बुधवारी संध्याकाळी लागणारी ‘कालव्यापलीकडे’ ही मालिका. रेवती ही खेड्यात बदलून आलेली शिक्षिका आणि शेखर हा कालव्यावरचा इंजिनियर. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसलंय हे जिल्ह्यातल्या बायकांना पहिल्याच भागात समजलं होतं. त्या दोघांना समजायला टिपणीससाहेबांनी वर्ष लावलं. मालिका लिहायचे तेच, बसवायचेही तेच.

रेवतीचा आवाज गोदाक्कांचा. गोदाक्का महाजन म्हणजे नगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. अंगाने भरलेल्या, दम्याने बेजार, तोंडात कायम खडीसाखर. पण माईकसमोर तोंड उघडलं की खानदेशी बोली कुठल्या कुठे जायची आणि विशीतली शिकलेली मुलगी बोलायला लागायची. शेखरचा आवाज डॉक्टर बाविस्करांचा. बायका त्या आवाजावर जीव टाकायच्या, आणि हे डॉक्टर गुरांचे आहेत हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होतं. दिवसभर म्हशी तपासून, हात घासघासून ते रेकॉर्डिंगला यायचे, तरी बोटांना डेटॉलचा वास राहायचाच.

आणि रेवतीचं बाकी सगळं मी, प्रमिला फालक. एका लांबट पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू पसरलेली असायची. गुडघ्यावर बसून, दोन्ही हात चपलांत घालून, मी त्या वाळूवर रेवतीला चालवायचे. तिच्या बांगड्या माझ्या, तिचा पदर माझा, तिची कळशी, तिच्या दाराची कडी, सगळं माझ्याकडे. ध्वनिपरिणाम असं त्या कामाला म्हणायचे. शेवटी नावं सांगताना माझं नाव संगीतसाथीच्याही नंतर यायचं, आणि तोवर लोकांनी रेडिओ बंद केलेला असायचा.

तो स्टुडिओ मला अजून स्वप्नात दिसतो. चपला बाहेर काढायच्या. खळ केलेली साडी नेसायची नाही, कारण तीही बोलते. बाहेर डांबर वितळवणारं ऊन, आणि ते जाड दार मागे लागलं की आत थंडगार. खिडकी नाही, त्यामुळे दिवस कुठवर आलाय ते कळत नसे. टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात विरून जायची. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला चक्क झोप आली होती. पुढेही त्या खोलीत असताना आपण पुरत्या जाग्या आहोत असं मला कधी वाटलं नाही. तिथे माणसं अनवाणी, हळूहळू चालायची, वाचून झालेला कागद गालिच्यावर अलगद सोडून द्यायची, आणि एकमेकांशी खुणांनी बोलायची.

टिपणीससाहेबांचं प्रेमाबद्दल एक शास्त्र होतं. स्वतः ते ब्रह्मचारी होते, हे इथेच सांगून टाकते.

“प्रेम ऐकवायला काही लागत नाही,” ते म्हणायचे. “ते आता होणार, आता होणार, हे ऐकवायला अक्कल लागते. हात धरला की गोष्ट संपली. म्हणून हात धरायचा नाही. हात जवळ आला, एवढंच ऐकू आलं पाहिजे.”

या शास्त्रामुळे जसजसं प्रेम वाढत गेलं तसतशी रेवतीची वाक्यं कमी होत गेली. गोदाक्कांना ते खपत नव्हतं.

“माह्यी वाक्यं काहून कापून राह्यले हो साहेब? रेवती मुकी झाली का?”

“मुकी नाही हो. प्रेमात पडलीय.”

“मी पडले होते तवा तं लई बोलत होते.”

“म्हणूनच तुमच्यावर मालिका झाली नाही,” साहेब म्हणाले, आणि गोदाक्का खडीसाखर चघळत हसल्या.

वाक्यं गेली तशा बांगड्या वाढल्या. आधी मी माझ्या वेगळ्या माईकवर बसायचे. मग साहेबांच्या लक्षात आलं की शेखरचा आवाज एका माईकवर आणि बांगड्या दुसऱ्यावर घेतल्या की दोघं दोन खोल्यांत उभी असल्यासारखी वाटतात. म्हणून मला उठवून डॉक्टरांच्या माईकवर, त्यांच्यासमोर उभं केलं. गोदाक्का बाजूला गेल्या. आणि श्वासाची वेळ आली तेव्हा गोदाक्कांचा श्वास दम्यामुळे शिट्टी मारायचा, म्हणून तोही माझ्याकडे आला. थोडक्यात, रेवती हळूहळू गोदाक्कांकडून माझ्याकडे सरकत होती आणि शेखर जे काही बोलत होता ते माझ्या तोंडावर बोलत होता.

आता खरी अडचण सांगते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. फैजपूरचे नारखेडे, मुलगा हेमंत सुरतला कापडगिरणीत इंजिनियर. मुलगा चांगला होता. बघायला आला तेव्हा त्याने मला भरतकाम येतं का वगैरे काही विचारलं नाही. तुम्हाला काम सोडावं लागेल, त्याचं वाईट वाटेल का, एवढं विचारलं. आमच्याकडून होकार जायचा बाकी होता. अण्णा म्हणाले होते, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी काय ते सांग. माझे वडील मला इतका वेळ देत होते हेच त्या काळी पुष्कळ होतं.

मला वेळ कशासाठी हवा होता ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला डॉक्टर बाविस्करांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, त्यांचं स्वतःचं. ते आमच्यातले नव्हते, त्यांच्यासाठी घरात महाभारत झालं असतं, ते सगळं मी सोसलं असतं. पण ज्या आवाजाने माझा श्वास अडकायचा तो आवाज माझ्याशी बोलत होता की कागदावरच्या रेवतीशी, हे कळल्याशिवाय मी सुरतला हो म्हणू शकत नव्हते, आणि नाहीही म्हणू शकत नव्हते.

आणि स्टुडिओबाहेर तर त्यांना वाचाच फुटत नसे.

श्वासाच्या त्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळले. आवारातल्या कडुनिंबाखाली त्यांची मोटारसायकल उभी असायची. ते आले, रुमालाने सीट पुसली, आणि मी समोर उभी आहे हे बघून पुन्हा एकदा पुसली.

“आज चांगलं झालं,” मी म्हणाले.

“हो.”

“साहेब खूश होते.”

“हो. होते.” मग त्यांनी गाडीचा आरसा नीट केला. “नशिराबादकडे लाळ्या खुरकुताची साथ आलीय.”

“अरे बापरे.”

“जनावरांच्या तोंडात फोड येतात. खाता येत नाही.” त्यांनी रुमालाची घडी केली. “वाईट हाल होतात.”

“औषध असतं ना?”

“लस असते. पण आधी द्यावी लागते.” एवढं बोलून त्यांनी गाडीला किक मारली. जाताना मात्र मान वळवून म्हणाले, “तुम्ही उन्हात उभ्या राहू नका.”

त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला. मला ते ‘तुम्ही’ म्हणायचे, नाव कधी घ्यायचे नाहीत. निदान ताई तरी म्हणत नव्हते, तेवढाच आधार.

पण रेकॉर्डिंगचा दिवस आला, लाल दिवा लागला, की हाच माणूस माझ्या कपाळावरची बट उडेल इतक्या जवळून बोलायचा. एका भागात रेवती त्याच्या सदऱ्याचं बटण लावून देते असं होतं. मी माझ्या पदराचं टोक बोटांत चुरत होते आणि ते म्हणत होते, “हळू लाव. घाई कशाला?” एका भागात दोघं पंपघरात अडकतात. त्यात रेवतीचं एकच वाक्य होतं, बाकी नुसते श्वास, तिचे आणि त्याचे. आम्ही समोरासमोर उभे राहून आळीपाळीने श्वास घेत होतो. थोड्या वेळाने ते एका तालात पडले. माझ्या गळ्याशी घाम जमला होता आणि खोली तर थंडगार होती. त्यांची नजर त्या घामाच्या थेंबाबरोबर खाली गेली आणि मध्येच वर आली. त्या दिवशी त्यांना वाक्य आठवेना, कागद बघावा लागला.

रेकॉर्डिंग संपल्यावर गोदाक्का मला बाथरूममध्ये घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “पोरी, तोंड धू. आन् एक सांगू? मी चाळीस वरसं बाळंतपणं केली. माणूस खोटं बोलतं, अंग खोटं बोलत नाही.”

“नाटक आहे, गोदाक्का.”

“मंग दिवा इझल्यावर काहून थांबत नाही तुमचं नाटक?”

मी तोंड धुतलं.

शेवटचा भाग लोकांसमोर करायचं ठरलं. मालिकेचं वेड एवढं होतं की साहेबांनी महिला महाविद्यालयाचं सभागृह मागून घेतलं आणि तिथूनच भाग थेट ऐकवायचा घाट घातला. वर्षभर न झालेली गोष्ट या भागात होणार होती. शेखर रेवतीचा हात धरणार होता.

“बांगड्या आपण स्वतः वाजवल्या की स्वतः वाजवल्यासारख्याच वाजतात,” साहेब म्हणाले. “दुसऱ्याने मनगट धरलं की त्या मागे सरकतात, एकमेकींवर चढतात. तो आवाज निराळा. तेव्हा डॉक्टर, तुम्ही हिचं मनगट खरंच धरायचं.”

डॉक्टरांनी विचारलं, “तालीम?”

“तालीम नाही. तालमीत धरलंत तर त्या दिवशी जुनं झालेलं असेल.”

“गावासमोर?” गोदाक्कांनी विचारलं.

“ऐकणाऱ्यांना दिसणार नाही, आणि बसलेल्यांना वाटेल कामाचा भाग आहे. आहेच तो.”

प्रसंग असा होता: कालव्याच्या काठावर संध्याकाळ. रेवती दूर उभी. शेखर म्हणतो, “उद्या सकाळच्या गाडीने मी जातोय. रेवती, चल माझ्याबरोबर.” मग शांतता. मग बांगड्या, म्हणजे तिने हात दिला. मग सनई. संपलं. ते आठ-दहा दिवस मी कामं करत होते, जेवत होते, अण्णांच्या प्रश्नाला हूं हूं करत होते, आणि सारखी माझ्या डाव्या मनगटाकडे बघत होते. त्या जागी होणार होतं ते. मी तिथे साबणही जपून लावायचे. वेडेपणा होता, पण त्यात फार सुख होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी उन्हं कलताना सभागृह भरून गेलं. रंगमंचावर आमचे माईक लावले होते. मी पडद्याआड वाळू चाळत बसले होते, तेवढ्यात काठापदराची साडी नेसलेल्या एक बाई सरळ आत आल्या आणि त्यांच्यामागे हेमंत. फैजपूरच्या नारखेडेकाकू. अण्णांनीच त्यांना कार्यक्रमाचं सांगितलं होतं, मुलीचं कौतुक दिसावं म्हणून.

“डॉक्टर कोणते?” काकूंनी विचारलं आणि बाविस्करांनी ओळख दिल्यावर हातच जोडले. “अहो, बुधवारी आमच्या घरी भाकर तव्यावर जळून जाते तुमच्यापायी. म्हटलं, सुनेलाच सांगावं, तुह्या गावचा माणूस दाखव मले.”

“सुनेला?” डॉक्टर म्हणाले.

“ही काय, प्रमिला. आखाजीनंतर सुपारी फोडायची. काहून, सांगितलं नाही का हिनं?” काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. “लाजते.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. वाळूच्या ट्रेकडे बघत होते.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “छान आहे.”

मला वाटलं, झालं, मिळालं तुला त्यांचं स्वतःचं वाक्य. इतकं दुःख झालं की रडूही आलं नाही. हेमंत हसून म्हणाला, “आम्ही दुसऱ्या रांगेत आहोत.” आणि ते दोघं गेले.

पडदा उघडला. लोक आधी पुटपुटले, कारण रेवती म्हणून त्यांच्यापुढे गोदाक्का बसल्या होत्या. पण गोदाक्कांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि सगळे गप्प झाले. बऱ्याच जणांनी डोळे मिटून घेतले. मला त्या मिटलेल्या डोळ्यांचं बरं वाटलं. भाग नीट पुढे सरकत होता. मी कडी लावली, कळशी भरली, रेवतीला कालव्यापर्यंत चालवत नेलं आणि काठावर उभं केलं. शेवटच्या प्रसंगाआधी उठून मुख्य माईकवर जायचं होतं, पण मी अजून खालीच होते, गुडघ्यावर, हात चपलांत.

डॉक्टर माईकसमोर एकटे उभे होते. “उद्या सकाळच्या गाडीने मी जातोय,” ते म्हणाले. आवाज असा लागला होता की पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. “रेवती,” ते म्हणाले.

आणि थांबले.

आम्हाला वाटलं, परिणामासाठी थांबलेत. साहेबांनी बाजूला बसून कौतुकाने मानसुद्धा हलवली. मग ती मान हलायची थांबली. डॉक्टरांचे ओठ हलत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. वर्षभर बिनचूक बोलणारा माणूस, आणि त्याला दोन शब्द म्हणता येत नव्हते. रेडिओवर एवढी शांतता चालत नाही. केंद्रात बसलेल्या माणसाला वाटतं तार तुटली, आणि तो वाद्यसंगीताची टेप लावून देतो. तसं झालं असतं तर सबंध वर्षाची रेवती तिथेच काठावर उभी राहिली असती. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गोदाक्कांना खूण केली, पण गोदाक्कांपुढे वाक्यच नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बटणाच्या, पंपघराच्या वेळी पाहिलं होतं तसं. आता तर कागदही नव्हता आणि शेखरही नव्हता. आणि मला कळलं की ते विसरलेले नाहीत. माझ्यासमोर, त्या दुसऱ्या रांगेसमोर, ‘चल माझ्याबरोबर’ हे त्यांना नाटकातलं म्हणून म्हणता येत नव्हतं.

मला बोलायची मुभा नव्हती. पण रेवतीचे पाय माझ्याकडे होते.

मी ट्रेच्या लांबच्या टोकाला हात टेकले आणि रेवतीला चालवायला सुरुवात केली. एक पाऊल. जरा थांबून दुसरं. कोणी बोलावलेलं नसताना ती निघाली होती. वाळू करकरत होती, हळू, मग थोडी लवकर, ट्रेच्या या टोकाकडे, माईकच्या जवळ जवळ येत. सभागृहात कोणी खोकत नव्हतं. ट्रे संपला तशी मी चपलांतून हात काढले, उठले, अनवाणी चालत मुख्य माईकपाशी गेले आणि डावा हात त्यांच्यापुढे धरला. श्वास आत गेला, अडकला. तो माईकने घेतलाच असणार.

त्यांनी मनगट धरलं. बोटं गार पडली होती. बांगड्या मागे सरकल्या, एकमेकींवर चढल्या, एक फुटली, आणि त्यांनी हात आणखी घट्ट धरला. मग कुठेतरी लांब सनई सुरू झाली आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि माझ्या अंगात जे काही चाललं होतं त्याच्यापुढे त्या टाळ्या मला ऐकूच येत नव्हत्या.

पडदा पडल्यावर नारखेडेकाकू डोळे पुसत आल्या. “काय शेवट केला हो साहेब, काही न बोलता गेली ती पोरगी.” साहेब म्हणाले, “तसाच लिहिला होता.” पुढे जन्मभर ते तसंच सांगत राहिले. हेमंत मात्र आईच्या मागे उभा राहून माझ्या मनगटाकडे बघत होता. बांगडीची काच लागून तिथे रक्त आलं होतं.

“लागलं का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आईला म्हणाला, “चल, गाडी चुकेल.” त्यानंतर सुरतचा नकार आमच्याकडून गेला की त्यांच्याकडून आला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पुढे घरात काय काय झालं तेही सांगत बसत नाही. व्हायचं तेच झालं.

सांगायचं ते सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यातलं. बाहेर अजून उजेड होता, आत खुर्च्यांची उचलाउचल चालली होती. डॉक्टर कठड्याला टेकून उभे होते. मी जाऊन समोर उभी राहिले. आता मला कोणाचीच भीती वाटत नव्हती, राग मात्र पुष्कळ आला होता.

“वाक्य विसरलात?”

“नाही. पाठ होतं.”

“मग?”

“म्हणता येईना.”

“का येईना?”

त्यांनी हात पसरले आणि खाली सोडले. “मला लिहून दिलेलं बोलता येतं. माझं असं काही येत नाही. लहानपणापासून येत नाही.”

असा माणूस काय करायचा? मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

“मग मी सांगते,” मी म्हणाले. “म्हणा माझ्यामागून.”

ते कठड्यापासून दूर झाले आणि सरळ उभे राहिले, माईकसमोर राहायचे तसे.

“प्रमिला,” मी म्हणाले.

“प्रमिला,” ते म्हणाले. माझं नाव त्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकत होते.

“तू सुरतला जाऊ नकोस.”

“तू सुरतला जाऊ नकोस.”

“मी तुझ्या घरी येऊन अण्णांशी बोलतो.”

“मी तुझ्या घरी येऊन,” इथे त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, “अण्णांशी बोलतो. ते ओरडतील का?”

“ओरडतील. मध्येच विचारू नका. पुढचं म्हणा. मला तू आवडतेस.”

मी वाट पाहिली. ओठ हलत होते आणि पुन्हा मघासारखंच काही येत नव्हतं, आणि आता माझ्या हातात वाळूही नव्हती. मला वाटलं, आता मी काही करू नये. मी काही केलं नाही. नुसती उभी राहिले.

“बुधवारी मालिका लागायची ना,” ते म्हणाले, अगदी साध्या, जरा चिरक्या आवाजात, “तेव्हा मी रेडिओजवळच बसायचो. माझं बोलणं आलं की बारीक करायचो. तुझी पावलं आली की मोठा करायचो. घरमालकीणबाई म्हणायच्या, डॉक्टर, रेडिओ दुरुस्तीला टाका, आवाज सारखा जातो-येतो.”

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.